साडेपाच ते सहा

आमचं ऑफिस साडेपाचला सुटतं. घरी मात्र मी अकरा वर्षं सांगत आले की सहाला सुटतं.

इतकी वर्षं टिकवलेल्या खोट्यामागे काहीतरी भानगड असणार, असं कुणालाही वाटेल. भानगड करायलाही अंगात त्राण लागतं. मला फक्त अर्धा तास बसायचं असायचं, कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी.

हे सुरू झालं त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मुलाची दहावी होती आणि यांच्या कंपनीत दर आठवड्याला पाळी बदलायची. माझा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. दोन डबे, सासूबाईंची पेज, त्यांची औषधं, मग नाशिकरोडहून सिटी बस, द्वारकेच्या चौकात वीस मिनिटं अडकणं, आणि शेवटी शिक्षणसंस्थेच्या कार्यालयातली माझी खुर्ची. शिक्षकांच्या रजेचे अर्ज बघायचे हे माझं काम. माणसं किती तऱ्हांनी आजारी पडू शकतात हे मला त्या अर्जांमुळे तोंडपाठ झालंय. मी स्वतः त्या वर्षी एक दिवसही आजारी पडले नाही, कारण पडून चालणारच नव्हतं.

एके दिवशी साडेपाचला बाहेर आले, स्टॉपवरची गर्दी पाहिली आणि पाय हलेनात. रडू येत नव्हतं, रागही नव्हता, नुसता कंटाळा होता, हाडात मुरलेला. बसकडे जायचं सोडून मी ऑफिसच्या मागच्या गल्लीत वळले आणि पहिल्या दिसलेल्या पायऱ्यांवर बसले.

त्या पायऱ्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या होत्या. शटर गंजलेलं, वरच्या पाटीवर ‘मराठी-इंग्रजी टंकलेखन’ एवढीच अक्षरं शाबूत. माझ्या पिढीच्या निम्म्या नोकऱ्या असल्या क्लासांतून निघाल्या. समोर बुचाचं एक उंच झाड आहे. गल्ली पुढे बंद होते म्हणून गाड्या शिरत नाहीत. एसटी स्टँड हाकेच्या अंतरावर, पण तिथला कलकलाट इथं येईपर्यंत निम्मा होतो. आणि पायऱ्यांच्या कडेला रानमेव्याची पाटी मांडून बसलेली असते हरसूलकडची एक बाई. सकाळच्या एसटीनं यायची, सहाच्या गाडीनं परत जायची. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाय म्हणते. वयानं आम्ही सारख्याच असू.

त्या पहिल्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही. मी का बसलेय, कुणाची वाट बघतेय, काहीच नाही. आपल्याकडे बाई एकटी बसलेली दिसली की चार जण चौकशी करतात, त्यातले तीन उपदेश करतात. हिनं पळसाच्या पानाचा द्रोण करून त्यात मूठभर करवंदं घातली, माझ्याजवळ ठेवली आणि पुन्हा आपल्या पाटीकडे तोंड करून बसली. तेव्हापासून मी तिथली झाले.

शहरात राहून ऋतू कळायचा तो मला त्या पाटीवरून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी फक्त गॅस आणि दुधाचे खाडे लिहायची. मावशीच्या पाटीत बोरं आली की स्वेटर काढायची वेळ झाली म्हणायचं. ओल्या हरभऱ्याच्या जुड्या आल्या की मी मांडीवर जुडी घेऊन एकेक घाटा सोलत बसायची. बोटं आंबट व्हायची, ती चाटायलाही बरी लागायची. पावसाळ्यात कुर्डू, करटुली आणि ज्यांची नावं तिनं दहादा सांगूनही माझ्या लक्षात राहिली नाहीत असे पाले. भाद्रपदात हातभर लांब काकड्या. अलीकडे थंडीत सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरीसुद्धा दिसते, पण ती ठेवताना मावशीचाच चेहरा असा होतो, जणू दुसऱ्याची पोर सांभाळायला घेतलीय. दिवाळीच्या आगेमागे बुच फुलतो. तेव्हा पाटीत काही नसलं तरी चालायचं. पायरीवर दोन-चार फुलं पडलेली असायची, लांब देठाची. ती उचलून ओंजळीत धरायची आणि गप्प बसायचं.

द्राक्षांचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. नाशकात द्राक्षं काय, ऑफिसात टेबलावर येतात, लग्नाच्या रुखवतात येतात, नको नको म्हणताना पिशवीत पडतात. करवंदांचं तसं नाही. ती मे महिन्यात जेमतेम महिनाभर, उन्हानं तापलेली, काळीभोर, आणि दहातलं एक असं आंबट की डोळा मिटतो.

यातलं काहीही मी घरी नेलं नाही. नेलं असतं तर कुठून आणलं, कधी आणलं, हे प्रश्न आले असते. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं. करवंदांच्या चिकानं बोटं चिकट व्हायची ती मी बाटलीतल्या पाण्यानं नीट धुवायची आणि सहाच्या ठोक्याला बसच्या रांगेत उभी राहायची. ऑफिसातून आत्ता सुटलेल्या बाईचा चेहरा करायला काही कष्ट पडायचे नाहीत. तो तर होताच.

पुढे सासूबाई गेल्या. मुलगा शिकून बंगळुरूला नोकरीला लागला. घरातली माणसं कमी झाली तसा थकवा कमी होईल असं वाटलं होतं, पण तोही घरचाच झाला होता. अर्धा तास काही मी सोडला नाही. आणि मागच्या दिवाळीनंतर हे रिटायर झाले.

आमचे हे फार चांगले आहेत. हे मी कुरकुरत लिहितेय, पण खरं आहे. आवाज चढवत नाहीत, व्यसन नाही, ताटात पडेल ते जेवतात. रिटायर झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातले सगळे गळके नळ दुरुस्त केले, डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, दाराची करकर बंद केली. प्रत्येक वेळी म्हणायचे, “सोय झाली.” घरातलं दुरुस्त करण्यासारखं संपल्यावर त्यांची नजर माझ्याकडे वळली.

एका संध्याकाळी सहाला मी गल्लीतून मुख्य रस्त्यावर आले तर ऑफिसच्या फाटकाशी हे स्कूटर लावून उभे. मी भलत्याच बाजूनं येतेय हे त्यांनी पाहिलं असणारच. कधीपासून उभे आहात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. ते एवढंच म्हणाले की बसच्या गर्दीत कशाला हाल करून घेतेस, उद्यापासून मी येत जाईन, तुझी सोय होईल. दुसऱ्या दिवशी ते साडेपाचला हजर होते. कुणी विचारलं नसताना मीच सांगून टाकलं की आमची वेळ आता बदलली आहे. “बरं,” म्हणाले. दुसरं हेल्मेट माझ्या हातात दिलं.

ऑफिसातल्या बायका खिडकीतून बघायच्या. नशीब काढलंस म्हणायच्या. एकीचा नवरा तिला स्टेशनवरूनसुद्धा आणायला जात नाही, त्यामुळे तिच्यासमोर तर मला तोंड उघडायची सोयच नव्हती. आणि उघडून सांगणार काय? मला घरी पोचवू नका? मला तुमच्यापासून नाही हो, सगळ्यांपासूनच अर्धा तास लांब बसायचंय? आपल्या घरांमध्ये एकटं बसायचंय म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तो हिवाळा माझ्या हातून गेला. बोरं कधी आली आणि कधी संपली ते कळलं नाही. हरभऱ्याच्या जुड्या दिसल्या त्या द्वारकेच्या सिग्नलला, दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीच्या हँडलला टांगलेल्या. कुंभमेळ्यासाठी रस्ते खणायला घेतलेत, त्यामुळे स्कूटरवर धूळ खात आम्ही घरी पोचायचो, आणि लवकर पोचायचो म्हणून कणीकही लवकर भिजायची. वाटेत हे हेल्मेटमधून काही काही बोलायचे. मला अर्धं ऐकू यायचं आणि मी पूर्णाला “हं” म्हणायची. मला त्यांचा राग यायला लागला. राग यावा असं त्यांनी काही केलेलं नव्हतं, म्हणून जास्तच यायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर मी भांडी आपटायची. ते गुपचूप मीठ आणून ठेवायचे, नि मग त्याचाही राग.

मे महिन्यात एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा तसाच ठेवून गल्लीत गेले. ऊन मी म्हणत होतं. मावशीची पाटी करवंदांनी भरलेली होती आणि ती स्वतः झाडाच्या बुंध्याला टेकून डुलक्या घेत होती. मला बघून उठली. इतके दिवस कुठं होतीस वगैरे तिनं काही विचारलं नाही. मीच म्हटलं, वेळ मिळत नाही. तर ती म्हणाली, “मालक येतात ना आता रोज. चार वाजले का पायरीवं येऊन बसतात.”

अकरा वर्षांत त्या क्लासच्या मालकाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, काय म्हणतात, तुला उठायला सांगितलं का?

“नाय. काय बोलत नाय. लय गरीब माणूस हाय. पायऱ्या झाडून काढल्या त्यांनी.”

पायऱ्या झाडल्या म्हणजे संपलंच, मी मनात म्हटलं. रोज येऊन बसतोय, जागा न्याहाळतोय, म्हणजे विकायला काढली असणार. शेजारच्या गल्लीतल्या दोन जुन्या इमारती अशाच गेल्या. आधी कुणीतरी येऊन शांतपणे बघून गेलं, मग पत्रे लागले, आता तिथं सात मजले उभे आहेत आणि खाली पार्किंग. पायऱ्या जातील, बुच जाईल, मावशी कुठंतरी डांबरावर जाऊन बसेल. मला तर आधीच बसता येत नव्हतं, तरी ती जागा तिथं आहे या भरवशावर मी दिवस काढत होते. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, पण तेवढी दोन वर्षं त्या पायरीशिवाय निघतील असं मला वाटेना.

दोन दिवस मी काय बोलायचं त्याची जुळवाजुळव केली. जन्म अर्ज वाचण्यात गेलेला, त्यामुळे डोक्यात सगळं अर्जाच्याच भाषेत यायचं. अर्जदार गेली अकरा वर्षे सदर पायरीवर बसत असून तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांना डोकं दुखतंय सांगून साडेचारलाच उठले. मालक भला माणूस असेल तर विनवायचं, नसेल तर झाड तोडायला परवानगी लागते हे ऐकवायचं, असं ठरवून गल्लीत वळले.

झाडाखाली आमची स्कूटर उभी होती.

मी आधी नंबर वाचला, मग पायऱ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या पायरीवर, मी बसायची नेमक्या त्याच जागी, हे बसले होते. शेजारी दोन हेल्मेटं, हातात करवंदांचा द्रोण. एकेक करवंद खाऊन देठ आणि बिया एका कागदावर नीट जमा करत होते, त्यांच्या स्वभावाप्रमाणे. मालक म्हणजे खेड्यातली बाई नवऱ्याला म्हणते ते मालक. मला एवढं कळू नये? पण माझं सगळं आयुष्य कागदात गेलेलं, आणि कागदावर मालक म्हणजे जागेचा मालक. स्वतःवरच हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्या क्षणी मला क्लासचा मालक परवडला असता.

“ही माझी जागा आहे,” मी म्हणाले.

त्यांनी दचकून वर पाहिलं. मग म्हणाले, “माहीत आहे.”

पहिल्याच दिवशी ते पावणेसहाला आले होते. मी बाहेर कधी येईन असं वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, ऑफिस साडेपाचला सुटतं, कित्येक वर्षं तीच वेळ आहे. पुढे कधीतरी बोरं घ्यायला गल्लीत वळले तेव्हा मावशीनं सांगितलं की तुमची बाय इथंच बसायची. एवढं सगळं कळूनही या माणसानं मला सहा महिने एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी का खोटं बोलले, हेसुद्धा नाही.

“म्हटलं बघावं तरी काय असतं इथं,” ते म्हणाले.

“मग?”

“काही नसतं. बरं वाटतं.”

मला रडू फुटायचंच बाकी होतं, आणि रडू यायला लागलं की मी भांडते. म्हणाले, “एवढं कळलं होतं, तर माझी जागा मला परत का नाही दिलीत?”

त्यांनी बियांचा कागद नीट दुमडून बाजूला ठेवला. मग एरवी वर्षभरात बोलले नसते इतकं सलग बोलले.

“चारला आमची पाळी बदलायची. पुढच्या पाळीचा माणूस, रिलीव्हर, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा नियम. चौतीस वर्षं मी कधी सोडलं नाही. शेवटच्या दिवशी चारला रिलीव्हर आलाच नाही. ते मशीन भंगारात काढायचं होतं ना, मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी पाऊण तास तसाच उभा. मग सुपरवायझर आला, म्हणाला, अरे, तुम्ही अजून इथंच? जा घरी.” मग म्हणाले, “आता चार वाजले की घरात मला तसंच उभं राहिल्यासारखं होतं. तुला आणायला जायचंय म्हटलं की निघता येतं.”

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी पेढे वाटले होते. मी हार कुठं ठेवायचा म्हणून खुंटी शोधत होते, एवढंच मला आठवतं. कसा गेला शेवटचा दिवस, हे मी विचारलं नव्हतं. मला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला कुणाचंच काही ऐकायचं त्राण नव्हतं. मी खालच्या पायरीवर बसले. त्यांनी द्रोण पुढे केला. मावशी आमच्याकडे पाठ करून पाटीवरचं फडकं उगाच झटकत राहिली. मग सहाच्या गाडीची वेळ झाली तशी निघून गेली.

घरी जाताना, सिग्नलला थांबलो तेव्हा ठरलं. चार ते साडेपाच त्यांनी बसायचं, साडेपाच ते सहा मी. तेवढ्या वेळात ते स्टँडवर जाऊन चहा घेतील आणि सहाला फाटकाशी येतील. दोघांनाही पटलं. वादाला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी गल्लीत शिरले. मला बघताच हे उठून उभे राहिले, हेल्मेट उचललं आणि अगदी कामावर असल्यासारखं म्हणाले, “सगळं नीट चालू आहे.” मग पाठ वळवून गेले. त्यांना हवं तसं हसताही आलं नाही, मलाही नाही.

मी बसले. पायरी त्यांच्या बसण्यानं गरम होती. मावशीनं द्रोण ठेवला आणि तोंड फिरवलं. कुणी हाक मारत नव्हतं. वाऱ्यानं बुचाची पानं हलत होती, करवंदं गोड होती, एखादं आंबट. सहा महिने ज्याच्यासाठी मी भांडी आपटली ते सगळं जसंच्या तसं मिळालं होतं. मी सावकाश खाल्लं. घड्याळ पाहिलं, पावणेसहा. आणखी दोन करवंदं खाल्ली आणि पुन्हा पाहिलं, पावणेसहा होऊन चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. स्टँडवर एकट्यानं चहा कसा घेत असतील, कोपऱ्यातल्या बाकावर की उभ्यानंच, हे काही केल्या डोक्यातून जाईना. सहाला दहा मिनिटं होती आणि मी गल्लीच्या तोंडाकडे बघत त्यांची वाट पाहत बसले होते. याचा मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं.